पुढची काच आणि गाडीची नजर : प्रगत विद्युत मोटारींतील काचबदलाचा आढावा

मोटारीच्या पुढच्या काचेचे मूळ काम वारा, धूळ आणि पाऊस अडवणे एवढेच होते. पुढे ती अपघातात चेहरा वाचवणारी सुरक्षा-काच झाली, त्यानंतर चिकटद्रव्याने सांगाड्याशी जोडली जाऊन छताचा भार वाटून घेणारा अवयव झाली, आणि तिच्या वरच्या मध्यभागी कॅमेरा आल्यापासून ती गाडीच्या डोळ्यापुढचे भिंगही झाली आहे. नवी कामे येत गेली तरी जुने एकही काम तिने सोडलेले नाही. त्यामुळे तडा गेलेली काच काढून दुसरी बसवणे या वरकरणी कारागिरीच्या कामाचा पसारा वाढत जाऊन आता रसायनशास्त्र, प्रकाशशास्त्र, संगणक, विमा आणि कायदा इतक्या क्षेत्रांत शिरला आहे. प्रगत विद्युत मोटारींत, म्हणजे ज्या बॅटरीवर चालतात आणि ज्यांत चालकाला साहाय्य करणाऱ्या प्रणाली मूळ रचनेचाच भाग आहेत अशा गाड्यांत, हा पसारा सर्वाधिक जाणवतो. या कामाचे कोणते टप्पे तंत्राने पक्के झाले आहेत आणि कोणते अजून सैल आहेत, हे तपासणे हा या आढाव्याचा हेतू आहे. आरंभीच सांगायचे तर काच चिकटवण्याचे शास्त्र बरेच पक्के आहे; काचेमागच्या कॅमेऱ्याची जुळणी झाली की नाही हे कोणी पाहायचे, हा भाग मात्र सैल आहे.

अँबॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनीच्या काळी पुढची काच रबराच्या चौकटीत बसत असे. रबराच्या खाचेत सुतळी घालायची, काच बाहेरून टेकवून धरायची आणि आतून सुतळी ओढत रबराची कड पत्र्यावर चढवत न्यायची, ही रीत गल्लीतल्या कारागिरालाही अवगत होती आणि काच बसल्यावर गळती नाही एवढे पाहिले की काम संपत असे. काच स्वतः मात्र तेव्हाही साधी नव्हती. फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्त्युस यांच्या प्रयोगशाळेत 1903 साली खाली पडलेला काचेचा एक चंबू तडकूनही विखुरला नाही, कारण आत सुकलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले होते. या निरीक्षणातून 1909 मध्ये त्यांनी दोन काचांमध्ये पापुद्रा दाबून बसवण्याचे पेटंट घेतले. आजची पुढची काच त्याच तत्त्वावर, म्हणजे लॅमिनेटेड, असते. सुमारे दोन मिलिमीटर किंवा त्याहून थोड्या कमी जाडीच्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये साधारण पाऊण मिलिमीटरचा पॉलिव्हिनाइल ब्युटिराल या लवचीक प्लास्टिकचा थर अशी तिची घडण असते. दारांच्या काचा बहुधा याच्या उलट जातीच्या, म्हणजे उष्णता देऊन आणि झटकन थंड करून कणखर केलेल्या टफन्ड असतात. त्या फुटल्या की त्यांचा बारीक चुरा होतो. टफन्ड काच फुटली की बदलण्यावाचून गत्यंतर नसते, लॅमिनेटेड काचेला टवका उडाला तर ती काही काळ तग धरते, आणि निर्णय लांबणीवर टाकण्याची सोय व मोह दोन्ही इथूनच सुरू होतात.

रबराची चौकट जाऊन चिकटद्रव्य आले तेव्हा काचेचा दर्जाच बदलला. पॉलियुरेथेन नावाच्या चिवट द्रव्याची पट्टी पत्र्याच्या कडेवर ओढून तिच्यावर काच दाबून बसवली जाते आणि द्रव्य घट्ट झाल्यावर काच व सांगाडा एकजीव होतात. गाडी उलटली तर छत चेपण्याला विरोध करण्यात काचेचा वाटा असतो, आणि समोरून धडक बसली तर डावीकडच्या प्रवाशापुढची एअरबॅग अनेक गाड्यांत वर उसळून काचेवर आपटते व तिथून प्रवाशाकडे वळते, म्हणजे काच त्या फुग्याला टेकू देते. टेकूच निखळला तर फुगा बाहेर जाईल. अमेरिकेच्या मोटार सुरक्षा मानकांत काचेचा पदार्थ कसा असावा यासाठी एक मानक आणि ती धडकेत जागेवर कितपत टिकावी यासाठी दुसरे, असा दोन्हींचा स्वतंत्र विचार केलेला आहे. तेव्हा काच चिकटवणाऱ्याच्या हाताखाली एअरबॅगची विश्वासार्हता असते, हे काही अलंकारिक विधान नाही.

विद्युत मोटारीने या जुन्या गोष्टींत आपल्या गरजांची भर घातली. इंजिनाची घरघर नसल्यामुळे वाऱ्याचा आणि टायरांचा आवाज कानाला टोचू लागतो, म्हणून या गाड्यांत बहुधा ध्वनिरोधक काच बसवतात. तिच्या मधल्या प्लास्टिकच्या थरातही तीन उपथर असतात आणि त्यांतला आतला मऊ उपथर कंपने शोषून घेतो. उन्हात तापलेली गाडी थंड करायला वातानुकूलन यंत्र जी वीज खाते ती बॅटरीतूनच जाते आणि तेवढे अंतर कमी पडते. त्यामुळे अवरक्त किरण परतवणारा चांदीचा अतिसूक्ष्म लेप किंवा ते शोषणारा थर काचेत घालणे फायद्याचे ठरते. टेस्लाच्या मॉडेल एक्सची 2015 पासूनची पुढची काच तर पुढच्या आसनांच्या डोक्यावरून मागे जाते. ती दिसते भव्य, परंतु तिचा आकार वाहतुकीपासून बसवणीपर्यंत प्रत्येक टप्प्याचा खर्च वाढवतो, आणि एवढ्या भव्यतेची चालकाला गरज किती हा प्रश्न रास्तच म्हणावा लागेल.

काचेवर वेग आणि दिशा उमटवणारा हेड-अप डिस्प्ले असेल तर आणखी एक बारकावा येतो. काचेला आतला आणि बाहेरचा असे दोन पृष्ठभाग असल्यामुळे प्रक्षेपित आकडा दोनदा परावर्तित होऊन त्याची सावलीसारखी दुसरी प्रतिमा दिसते. ती टाळण्यासाठी मधला प्लास्टिकचा थर सर्वत्र सारख्या जाडीचा न ठेवता पाचरीसारखा, खालून वर किंचित जाड होत जाणारा, करावा लागतो, म्हणजे दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसतात. महिंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये सादर केलेल्या आणि पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या बीई 6 व एक्सईव्ही 9ई या विद्युत गाड्यांच्या वरच्या श्रेणींत असा दर्शक आहे. पाचरीची काच आणि साधी काच नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या ओळखू येत नाहीत; साधी बसवली तर गाडी चालते, पाऊसही आत येत नाही, फक्त रात्री आकड्यामागे भुताटकीसारखा दुसरा आकडा तरंगू लागतो. आरशामागच्या पावसाच्या संवेदकाचेही असेच आहे. अनेक गाड्यांत तो काचेत तिरपा अवरक्त प्रकाश सोडतो, कोरड्या काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून तो पूर्णपणे आत परततो आणि थेंब पडला की काही प्रकाश बाहेर निसटतो. किती निसटला यावरून वायपर किती वेगाने चालवायचा हे ठरते. संवेदक आणि काच यांच्यामधल्या पारदर्शक जेलच्या गादीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी कोरड्या उन्हात वायपर फिरू लागतात. टेस्लाने हा वेगळा संवेदकच टाळून पाऊस ओळखण्याचे काम कॅमेऱ्याकडे दिले, त्यामुळे तिथे कॅमेऱ्यासमोरच्या काचेच्या स्वच्छतेला दुप्पट महत्त्व आले आहे.

या विषयाचा गाभा कॅमेरा हाच आहे. चालक-साहाय्य प्रणाली, जिला बाजारात अडास म्हणतात, तिच्यात पुढच्या वाहनाशी टक्कर होण्याचा धोका दिसताच आपोआप ब्रेक लावणे, गाडी मार्गिकेत ठेवणे, पुढच्या गाडीपासून अंतर राखणे अशी कामे येतात, आणि त्यांची बरीच माहिती आरशामागच्या कॅमेऱ्यातून येते. बीई 6 व एक्सईव्ही 9ई यांत पाच रडार आणि एक कॅमेरा-प्रणाली यांचा मेळ आहे. टेस्लाने मात्र मे 2021 पासून उत्तर अमेरिकेसाठीच्या मॉडेल 3 आणि मॉडेल वायमधून पुढचे रडार काढून टाकले आणि सारी भिस्त कॅमेऱ्यांवर ठेवली. त्या पिढीच्या टेस्लामध्ये काचेमागे तीन कॅमेरे शेजारी शेजारी असत. कंपनीच्या माहितीनुसार अरुंद कोनाचा 250 मीटरपर्यंत, मुख्य 150 मीटरपर्यंत आणि रुंद कोनाचा 60 मीटरपर्यंत पाहतो. रडार असलेल्या गाडीत कॅमेऱ्याची चूक पकडणारा दुसरा साक्षीदार तरी असतो. एकट्या कॅमेऱ्यावर चालणाऱ्या गाडीत काचेचा तेवढा तळहाताएवढा भाग हाच एकमेव साक्षीदार, आणि म्हणून काच बदलण्याच्या प्रश्नात टेस्लाचे उदाहरण पुन्हा पुन्हा येते.

कॅमेऱ्याचा रोख किती चुकला तर बिघडते, याचे उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे. कॅमेरा आपल्या जागी एक अंशाने फिरला तर 50 मीटरवरची वस्तू त्याला सुमारे 87 सेंटिमीटर आणि 100 मीटरवरची वस्तू सुमारे पावणेदोन मीटर बाजूला दिसते. महामार्गाची एक मार्गिका साडेतीन मीटर रुंद धरली तर शंभर मीटरवर एका अंशाची चूक म्हणजे अर्धी मार्गिका. पुढचा ट्रक आपल्या मार्गिकेत आहे की शेजारच्या, हा निर्णयच त्यात उलटू शकतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते, तेव्हा चूक उमगून सावरायला हाती फार वेळ उरत नाही. कॅमेरा ज्या खोबणीत बसतो ती बहुतेक गाड्यांत काचेलाच चिकटवलेली असल्याने नवी काच म्हणजे नवी खोबण, काच आडवी किंवा उभी एखादा मिलिमीटर सरकली की कॅमेऱ्याची जागाही सरकते, आणि काचेची वक्रता किंवा जाडी त्या भागात किंचित निराळी असली तर प्रकाशकिरण वेगळे वाकतात. जागेची चूक नंतर संगणकाला सांगून सुधारता येते. वक्रतेने आलेली विकृती एका मर्यादेपलीकडे सुधारता येत नाही. या दोन चुकांमधला फरक दुकानाच्या फळीवर सांगितला जात नाही आणि ग्राहकही तो विचारत नाही.

प्रत्यक्ष बदल कसा होतो हे पाहिले म्हणजे कौशल्य कुठे लागते ते कळते. प्रथम वायपर, खालची जाळी, आरशाभोवतीचे आवरण आणि कॅमेरा उतरवतात. नंतर चिवट दोर किंवा तार आत ओवून जुन्या पॉलियुरेथेनची पट्टी कापतात. पूर्वीच्या लांब पात्याच्या सुरीपेक्षा दोर बरा, कारण रंगावर ओरखडा उठण्याचा धोका त्यात कमी असतो. ओरखड्याचे एवढे भय बाळगण्याला कारण आहे. उघड्या पडलेल्या पोलादाला गंज चढतो, ॲल्युमिनियमच्या भागावर तो वेगळ्या प्रकारे पण चढतोच, आणि गंजावर चिकटलेली काच ही पापुद्र्यावर चिकटलेली काच असते. काच निघाल्यावर जुनी पट्टी मुळापासून खरवडून काढण्याची इच्छा होते, पण तसे करायचे नसते. एक-दोन मिलिमीटरचा ताजा कापलेला थर ठेवला तर नवे द्रव्य त्यालाच सर्वांत चांगले धरते. नव्या काचेची कड विशिष्ट द्रवाने पुसायची, तिला बोट लावायचे नाही, कारण त्वचेचे तेलही बंध दुबळा करते, आणि लागेल तिथे प्राइमर हा आधारलेप लावायचा. काचेच्या कडेची काळी पट्टी नक्षी म्हणून नसते. काचेत भाजून बसवलेल्या त्या सिरॅमिकच्या रंगामुळे मागच्या पॉलियुरेथेनवर ऊन पडत नाही, अन्यथा अतिनील किरणांनी ते कुजत जाते. प्राइमर विसरणे किती महागात पडते हे खुद्द कारखान्यांनाही अनुभवावे लागले आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये टेस्लाने 2016 सालच्या सुमारे 9 हजार मॉडेल एक्स गाड्या परत मागवल्या, त्या छतावरच्या शोभापट्ट्या प्राइमर न लावता चिकटवल्या गेल्याने निखळण्याची शक्यता होती म्हणून. तिथे पट्टी होती. त्याच चुकीने काच निखळली तर परिणाम वेगळा असतो.

पॉलियुरेथेन हवेतले बाष्प शोषून बाहेरून आत घट्ट होत जाते, म्हणून त्याला लागणारा वेळ घड्याळावर एकच ठरवता येत नाही. द्रव्याचा प्रकार, तापमान आणि आर्द्रता यांनुसार गाडी सुरक्षितपणे चालवण्याजोगी होण्यास अर्ध्या तासापासून कित्येक तासांपर्यंत अवधी जातो आणि तो अवधी द्रव्याच्या नळीवर किंवा पत्रकावर छापलेला असतो. विदर्भातल्या मे महिन्यात उष्णतेमुळे पट्टीवर साय लवकर धरते, म्हणजे ती ओढल्यावर काच टेकवायला कमी वेळ मिळतो, आणि कोरड्या हवेत आतला भाग मात्र सावकाश घट्ट होतो. कोकणातल्या श्रावणात बाष्पाची कमतरता नसते, पण ओल्या पत्र्यावर द्रव्य धरतच नाही. उघड्या जागेत पावसाच्या सरींच्या मधल्या उघडिपीत उरकलेले काम म्हणूनच संशयास्पद मानावे.

विद्युत गाडीत आणखी काही सावधगिरी लागते, परंतु तिच्याभोवती नाहक भीतीही आहे. काच बदलताना उच्च दाबाच्या नारिंगी केबलींना हात लावण्याची वेळ सहसा येत नाही आणि मुख्य बॅटरीशी या कामाचा थेट संबंध नसतो. अडचण निराळीच असते. या गाड्या बंद वाटल्या तरी पूर्ण झोपलेल्या नसतात. आसनावर कोणी बसले किंवा मोबाइल जवळ आला की पडदा, पंखा, वायपर जागे होऊ शकतात, म्हणून वायपर दुरुस्तीच्या स्थितीत नेणे, दुरून चालू होणारे वातानुकूलन बंद ठेवणे ही पूर्वतयारी पडद्यावरच्या सूचनांतून करावी लागते. घट्ट बंद होणाऱ्या केबिनमध्ये दार आपटले की हवेचा दाब ताज्या पट्टीवर येतो, त्यामुळे पहिला दिवसभर एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवायला सांगतात. काचेत कॅमेऱ्यासमोरचे धुके घालवणारी तापतार असेल तर तिचा जोड नीट बसला आहे की नाही हे गाडी बंद करण्यापूर्वी तपासावे लागते, नाहीतर ही चूक पहिल्या थंड पहाटेपर्यंत लपून राहते.

त्यानंतर कॅलिब्रेशन येते. मराठीत त्याला अंशशोधन म्हणता येईल. तराजू शून्यावर आणण्यासारखे हे काम आहे, फक्त इथे कॅमेऱ्याला गाडीची मध्यरेषा आणि क्षितिज पुन्हा शिकवायचे असते. ते दोन प्रकारे होते. स्थिर पद्धतीत सपाट जमिनीवर गाडी उभी करून, टायरांत ठरलेली हवा भरून, डिकीतले सामान काढून, समोर ठरावीक अंतरावर आणि उंचीवर नक्षीचे फलक मांडतात आणि निदानयंत्राच्या साह्याने कॅमेऱ्याला ते दाखवतात. त्याला मोठी, समतल, एकसारख्या उजेडाची जागा लागते, आणि शहरातल्या वर्कशॉपांत तिचीच टंचाई असते. चल पद्धतीत यंत्र जोडून किंवा न जोडताही गाडी विशिष्ट वेगाने, ठळक पट्टे असलेल्या रस्त्यावर चालवतात आणि प्रणाली स्वतः शिकते. काही कंपन्या पहिली पद्धत मागतात, काही दुसरी, काही दोन्ही. टेस्ला दुसऱ्या वर्गातली: काच बदलल्यावर जुने अंशशोधन पुसून टाकायचे आणि गाडी चालवायची, कंपनीच्या पुस्तिकेनुसार साधारण 32 ते 40 किलोमीटरमध्ये ते पुरे होते, तोपर्यंत साहाय्यक सुविधा बंद राहतात, आणि 160 किलोमीटरनंतरही झाले नाही तर सेवाकेंद्र गाठायचे. टेस्लाने 15 जुलै 2025 रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आपले भारतातले पहिले दालन उघडून मॉडेल वाय विकायला काढली, त्यामुळे ही रीत आता इथल्या रस्त्यांवरही लागू झाली आहे. ठळक, सलग पट्टे असलेला चाळीस किलोमीटरचा रस्ता समृद्धी महामार्गावर सहज मिळतो. भर पावसाळ्यात, डांबरावरचे पट्टे पुसट झालेल्या आणि खड्डे चुकवत जाव्या लागणाऱ्या शहरी रस्त्यांवर तेच अंतर कापून कॅमेरा काय शिकेल, हे वेगळे सांगायला नको. आपोआप होणाऱ्या अंशशोधनाने आणखी एक गैरसमज पोसला आहे: पडद्यावरची सूचना गेली म्हणजे सर्व ठीक झाले. सूचना जाते ती कॅमेऱ्याला आपली दिशा सापडली म्हणून. समोरची काच योग्य दर्जाची आहे याची ती पावती नव्हे.

काच कोणती घ्यावी, या वादात दोन्ही बाजूंना थोडे थोडे खरे आहे. कंपनीची काच म्हणजे गाडी बनवणाऱ्याच्या चिन्हासह, त्याच्या दुकानातून येणारी. बाहेरची काच म्हणजे तसे चिन्ह नसलेली. पुष्कळदा दोन्ही एकाच काचकारखान्यातून येतात. महाराष्ट्रात तर हा उद्योग घरचाच आहे: सेंट-गोबेन सेक्युरिटचे कारखाने चाकण आणि भोसरीला आहेत, असाही इंडिया ग्लासची काचभट्टी तळोजाला आहे. तरीही एकाच कारखान्याची म्हणून दोन काचा सारख्या ठरत नाहीत, कारण कॅमेऱ्यासमोरच्या भागातल्या वक्रतेची सहनमर्यादा, खोबणीची जागा, पाचर आणि लेप हे मागणी देणाऱ्याच्या अटींवर ठरतात. काचेच्या कोपऱ्यातला छोटा शिक्का वाचायची सवय त्यासाठी हवी: निर्मात्याचे नाव, लॅमिनेटेड असल्याची खूण आणि भारतात मोटारींच्या काचेसाठीच्या आयएस 2553 च्या दुसऱ्या भागाखालचा आयएसआय शिक्का त्यावर असतो. हा शिक्का काच सुरक्षित फुटेल याची हमी देतो, ती कॅमेऱ्याला स्वच्छ दिसेल याची नाही. साध्या हॅचबॅकला बाहेरची प्रमाणित काच पुरेशी आहे आणि तिथे दुप्पट किमतीचा आग्रह म्हणजे भीतीचा व्यापार. पाचरीचा दर्शक किंवा एकट्या कॅमेऱ्यावरची गाडी असेल तर मात्र कंपनीच्या अटींनुसार घडवलेल्या काचेखेरीज दुसरी घेऊ नये.

बदलावे की डागडुजी करावी हा निर्णय त्याआधीचा. टवक्यात निर्वात करून राळ भरायची आणि अतिनील प्रकाशाने ती घट्ट करायची, ही दुरुस्ती लहान टवक्याला पुरते. ब्रिटनच्या वार्षिक वाहनतपासणीत चालकासमोरच्या 290 मिलिमीटर रुंद पट्ट्यात 10 मिलिमीटरहून आणि वायपर फिरतो त्या उरलेल्या भागात 40 मिलिमीटरहून मोठे नुकसान असेल तर गाडी नापास होते. ही मोजपट्टी माणसाच्या डोळ्यासाठी आखलेली आहे. कॅमेऱ्यासमोरचा टवका त्याहून कितीतरी लहान असला तरी राळेचा ठिपका प्रकाश विखुरतोच, म्हणून त्या जागी दुरुस्ती न करता काच बदलणेच योग्य. इतरत्र टवका दिसताच राळ भरून घ्यावी. तापलेल्या काचेवर आतून गार हवेचा झोत सोडला की टवक्याचा तडा व्हायला वेळ लागत नाही.

खर्चाची बाजू या साऱ्याला वळण देते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने 2023 मध्ये केलेल्या पाहणीत साहाय्यक प्रणाली असलेल्या गाडीची पुढची काच बदलण्याच्या खर्चाचा सुमारे पाव हिस्सा त्या प्रणालीच्या कामाचा निघाला. फ्लॉरिडा, केंटकी आणि साउथ कॅरोलायना या राज्यांत सर्वंकष विमा असेल तर काचेसाठी ग्राहकाला स्वतःचा वाटा भरावा लागत नाही; फ्लॉरिडात या सवलतीमागे दुकानदारांची आमिषे आणि विमा कंपन्यांवरचे दावे इतके वाढले की 2023 मध्ये कायद्याने आमिषांवर बंदी घातली आणि अंशशोधन लागणार असल्याचे ग्राहकाला आधी सांगणे बंधनकारक केले. भारतात मोटार विम्याच्या रूढ अटींनुसार काचेवर घसारा कापला जात नाही, रबर-प्लास्टिकवर 50 टक्के कापला जातो. परंतु सक्तीचा ग्राहकवाटा भरावा लागतो आणि एकाच काचेच्या दाव्याने वर्षानुवर्षे साठलेली, कमाल 50 टक्क्यांपर्यंतची विनादावा सवलत जाऊ शकते. मग मालक खिशातून पैसे देतो, आणि खिशातून द्यायचे म्हटले की यादीतून पहिल्यांदा वगळले जाते ते डोळ्यांना न दिसणारे काम. स्वतंत्र, परवडणारे काच-संरक्षण घेऊन ठेवणे विद्युत गाडीच्या मालकाला म्हणूनच फायद्याचे आहे.

कायद्याने साहाय्यक प्रणाली आणल्या, पण त्या दुरुस्तीनंतर चालतात की नाही याकडे तितके लक्ष दिले नाही. युरोपीय संघात जुलै 2024 पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींत आपोआप ब्रेक आणि मार्गिका राखणे सक्तीचे आहे. अमेरिकेने एप्रिल 2024 मध्ये काढलेल्या नियमानुसार सप्टेंबर 2029 पासून हलक्या वाहनांत आपोआप ब्रेकची सोय सक्तीची होणार आहे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशा प्रणालींची दुरुस्ती करून घेतलेल्यांपैकी सुमारे निम्म्या मालकांनी नंतरही काही ना काही अडचण राहिल्याचे सांगितले. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला शंभरावा नियम पुढची काच लॅमिनेटेड असावी आणि तिच्यातून किमान 70 टक्के प्रकाश जावा, असे सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली तीही याच नियमाच्या आधारे. काचेमागचे यंत्र काय पाहते, हा त्या नियमाचा विषय नव्हता आणि 1989 मध्ये असणेही शक्य नव्हते. आता चाकणमधून पाच रडारांच्या आणि पुण्यातल्या टाटांच्या कारखान्यातून हॅरियर ईव्हीसारख्या गाड्या बाहेर पडत असताना, काच बदलल्यावर अंशशोधनाची लेखी नोंद देणे दुकानाला बंधनकारक करणारे एक वाक्य या नियमात घालणे अवघड नाही. प्रदूषण-चाचणीचा कागद जसा सवयीचा झाला तसा हाही होईल.

राहता राहिला फास्टॅग. तो फेब्रुवारी 2021 पासून टोलनाक्यांवर सक्तीचा झाला, काचेला आतून चिकटवलेला असतो आणि सोलला की त्याची अँटेना तुटते, अशीच त्याची रचना आहे. म्हणजे काच बदलली की तो गेला आणि बँकेकडून त्याच गाडीच्या नावे नवा घ्यायचा. चांदीचा लेप असलेल्या काचेवर तो कुठेही चिकटवून चालत नाही, कारण लेप रेडिओलहरी अडवतो. अशा काचेत आरशाजवळ लेप न दिलेली एक मोकळी चौकट ठेवलेली असते, तिथेच तो लावावा, मात्र कॅमेऱ्याच्या नजरेत येईल असा नाही. गाडी ताब्यात घेताना बिलावर काचेच्या शिक्क्यावरचा मजकूर, वापरलेल्या चिकटद्रव्याचे नाव, गाडी चालवण्याजोगी होण्याची वेळ आणि अंशशोधनाची पद्धत व तारीख लिहून मागावी. दुकानाने हे लिहून द्यायला नकार दिला तर अंशशोधन झालेले नाही असे धरून चालावे, आणि ते होईपर्यंत आपोआप लागणाऱ्या ब्रेकच्या भरवशावर गाडी चालवू नये.